पैनगंगेचं दुसरं पाणी

पैनगंगेत नाव घालायची हौस असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. नुसते मधले आकडे उतरवून घेऊन निघू नका.

यवतमाळात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावीच्या पुढे शाळा नाही. जे येतं ते पुस्तक उघडून नाहीतर मोटार उघडून शिकलो. दोन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीत होडीवाल्याशेजारी बसलो होतो. ओहोटीला होडी चिखलात रुतते, पुऱ्या भरतीला पुलाखालून जात नाही. मधला तास-दीड तास काय तो आपला. तिथेच ठरवलं, हे आपल्या नदीत करून दाखवायचं. समुद्र नसला तरी उन्हाळ्यात वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडतात. आमची भरती तीच.

मार्चमध्ये पहिलं पाणी सुटलं तेव्हा काठावर बसून मोजलं. बंधाऱ्याची दारं उघडल्यापासून पाणी खालच्या पुलाशी पोचायला नऊ तास वीस मिनिटं. पातळी चढते दोन फूट. पाणी उतरल्यावर पुलाच्या तुळईपर्यंत उरतात सहा फूट दोन इंच. माझ्या नावेचं छत पाण्यापासून पाच फूट चार इंच. दहा इंच मोकळे. पहिलं पाणी आटायच्या आत, दुसरं पोचायच्या आधी पूल ओलांडायचा.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी नाव पिकअपवर चढवली. प्लास्टिकच्या सहा ड्रमांवर लोखंडी सांगाडा, वर पत्र्याचं छत. नदीकाठापर्यंत भाडं दोन हजार आठशे. पांढरकवड्यात तर्री-पोहे तीस रुपये, वरची तिखट तर्री दुसऱ्यांदा मागितली तरी कपाळाला आठी नाही. पुढचा रस्ता बारा किलोमीटर खड्ड्यांचा. नावेखाली जुनी टायरं टाकाच.

मुक्काम नामदेवकडे. नामदेव भोई, जन्म नदीवर गेलेला, जाळं फेकून पोट भरणारा. त्याने नावेभोवती एक चक्कर मारली आणि छत काढता येतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, वेल्डिंग आहे, नट-बोल्ट खडखडतात. तो हसला. वैनींनी मरळ माशाचा रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली. तसा रस्सा यवतमाळात कुठल्या हॉटेलात मिळत नाही.

रविवारी पहाटे पाचला बंधाऱ्यावरून फोन आला, दारं उघडली. म्हणजे पाणी दोन वीसला. आम्ही नऊला निघालो. हिशेबाने साडेअकराला पुलापार. दोन्हीकडे पांढरी रेती, मध्ये हिरवट पाण्याची धार, खंड्या पक्ष्यांची ये-जा. ते दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे आता लिहितानाही खोटं वाटत नाही.

अकराच्या सुमारास पूल दिसला. नामदेवने पाण्यात हात घातला, वास घेतला. काड्या-कचरा वाहत येत होता.

"मिस्त्री, काठाले घ्या. पानी येऊन राह्यलं."

मी घड्याळ दाखवलं. अजून तीन तास होते.

"ते पह्यलं पानी होतं. कोरड्या रेतीनं पेलं, म्हणून सुस्त आलं. आता रेतीचं पोट भरलं हाय. हे धावत येते."

मी वही पुढे केली. नऊ तास वीस मिनिटं, माझ्या हाताने लिहिलेली.

"वही नदीले दाखवली का?" तो म्हणाला.

मी वल्हं मारत राहिलो. पुलाखाली शिरलो आणि पाठीमागून नाव उचलली गेल्यासारखं वाटलं. छताची कड तुळईला घासली. नामदेवने नाव दाबायला तुळईला हात लावला, तेवढ्यात पाणी आणखी चढलं. बोटं लोखंड आणि सिमेंटच्या मध्ये आली. तो ओरडला नाही. पत्रा फाटला, नाव तिरपी होऊन पलीकडे फेकली गेली, मी पाण्यात पडलो, आणि त्याने एका हाताने मला काठापर्यंत ओढत नेलं.

घड्याळात अकरा दहा. सहा तास दहा मिनिटं. तशा वेळीही मी वेळ पाहिली.

नामदेवच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जाळं फेकायचा हात तोच. गावात तो सांगतो, पाय घसरला.

गेल्या आठवड्यात पट्टी बदलायला यवतमाळला आला, तेव्हा दुकानात डोकावला. मी चहा मागवला आणि, काय सांगू, त्याला रेती पाणी कशी शोषते ते समजावत बसलो. त्याने डाव्या हाताने कप धरून सगळं ऐकून घेतलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

मग उतरून का नाही गेलास, मी विचारलं. पुलाच्या अलीकडे पाणी गुडघ्याएवढंच होतं.

"तुम्ही थांबले असते का?"

मी माझा कप खाली ठेवला.

"एकटे गेले असते. तुमाले पोहता येते?"

येत नाही. ते शिकायचं राहून गेलं.