धनाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माझा हात

फोन उचलला तेव्हा वहिनी ओरडतच होत्या. "भावजी, यांना गडबला हायवेवर टँकरनी उडवलं हो... जागेवरच!" रस्ता ओलांडताना धना दुभाजकापर्यंत नीट पोचला होता. पुढच्या अर्ध्या रस्त्यावर डावीकडून टँकर आला. हॉर्न दिला होता, बघणारे सगळे सांगतात. धनाला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि तो कान मी फोडला होता.

धना माझा मामेभाऊ. रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा आणि पावसाळ्यात रजा टाकून पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायला यायचा. गाणी ऐकायचं भलतं वेड. जुना अ‍ॅम्प्लिफायर बरा वाजत होता, पण याचं समाधान नाही. "आवाज येतो रे, पण त्यात जीव नाय," म्हणायचा. तीन वर्षं ओव्हरटाइम करून त्याने परदेशी अ‍ॅम्प्लिफायर मागवला, उचलायला दोघं लागायचे. सीझनला धना माझ्याकडे, म्हणून ते धूडही माझ्याच कारखान्यात येऊन पडलं.

त्या आठवड्यात मूर्ती वाळता वाळत नव्हत्या. हॅलोजन लावूनही ओल हटेना, आणि हा अ‍ॅम्प्लिफायर मात्र वाजायला लागला की तव्यासारखा तापायचा. धना जेवायला गेला आणि मी अक्कल पाजळली. शाडूच्या दोन ओल्या मूर्ती, गुंडाळलेल्या फडक्यासकट, अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीवर शेकायला ठेवल्या. फडक्याचं पाणी आत उतरलं. फाडकन आवाज झाला, निळा जाळ निघाला.

धना धावत आला. फळीवरचे गणपती, स्वतःच डोळे आखलेले, एकेक उचलून भिंतीवर आपटत सुटला. सोंडा, हात, मुकुट... आखणी झालेल्या मूर्तीला आम्ही चुकूनही पाय लावत नाही. माझं डोकं फिरलं. नरड्याला धरून मी त्याला खाली पाडलं, त्याने माझा दात पाडला, आणि मी उताण्या पडलेल्या माणसाच्या कानशिलात मारतच राहिलो. थांबलो तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. "झालं तुझं?" एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरला त्याने शिडीवरून पडलो म्हणून सांगितलं. घरीही तेच. पुढे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला आणि फोन केला, "ये रे रोह्याला, ऐकून जा." मी ऑर्डरी, पाहुणे, तब्येत, काय वाट्टेल ती कारणं दिली. चार वर्षं! एका कानाने स्टिरिओ ऐकणाऱ्या माणसासमोर बसायची माझी छाती नव्हती. हरामखोर होतो मी, दुसरं काय.

तेराव्याला गेलो. त्याच्या खोलीत दोन स्पीकर, मध्ये तो अ‍ॅम्प्लिफायर, समोर दोन खुर्च्या. एक मधोमध, प्लास्टिकही न काढलेली. दुसरी डाव्या भिंतीला चिकटून, बसून बसून खड्डा पडलेली. मी तिच्याकडे वळलो तर वहिनी म्हणाल्या, "ती नाय भावजी, ती यांची. मधली तुमची. दोन्ही बाजूंचा आवाज तिथंच बरोबर येतो म्हनायचे. आमाला कुनाला बसू दिलं नाय... म्हनायचे, त्याचे दोन्ही कान धड हायत, तो येईल तेव्हा ऐकेल."

मी बसलो. वहिनींनी बटण दाबलं. पहिल्या कडव्यालाच मी ओरडलो, "वहिनी, शिडी नव्हती. तो कान मी फोडला."

वहिनी गाणं तसंच चालू ठेवून बाहेर गेल्या, आणि मी ते दोन्ही कानांनी शेवटपर्यंत ऐकलं.