बाबांनी आणलेला रोलर

त्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. “मावशी, आई गेली.” मी “बरं” म्हणाले आणि गॅसवरचं दूध उतरवलं. अक्का गेली, माझी थोरली बहीण गेली, आणि मी दुधावर झाकण ठेवत होते... महिना उलटून गेला, अजून मला नीट रडू आलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघतात, मग एकमेकींकडे बघतात. त्यांना काय सांगू? डोकं बधिर झालंय, आणि त्यात राहून राहून एकच गोष्ट आठवते. तीही हसण्यासारखी.

सत्तरच्या दशकातली. आम्ही मानवतला राहायचो. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. अक्का झरीच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती आणि पाथरीला तिचं लग्न ठरलं होतं. तिचे केस गुडघ्यापर्यंत, आणि अगदी सरळ. कुठल्याशा मासिकात तिनं कुरळ्या केसांची बाई पाहिली आणि डोक्यात खूळ शिरलं. लग्नानंतर जन्मभर अंबाडाच घालायचा, तर त्याआधी एकदा, एकदाच, केस कुरळे करून, मोकळे सोडून फोटो काढायचा. पण घरात बोलायचं कसं? शेवटी बाबा परभणीला निघाले तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली, “बाबा, रोलर आणा. मोठा बगून आणा, बारका न्हाई चालत.” बाबांनी विचारलं, “कशाला गं?” ती लाजली आणि बोलून गेली, “शाळेला.”

संध्याकाळी बाबा आले ते हमालाच्या खांद्यावर जिनिंगचा जुना रोलर घेऊनच. चामड्याच्या चकत्या बसवलेला, चांगला जडशीळ. “परभणीत कशाला हुडकायचा? आपल्याच जिनिंगात पडला होता. मोठाच आणलाय बग. पोरांना दाखवायला लय झालं.” मी हसून हसून लोळले. अक्का हसली नाही. बाबांचा चेहरा इतका खुलला होता, की तिनं मुकाट्यानं तो रोलर एसटीच्या टपावर टाकून झरीला नेला आणि सरकी कशी निघते ते मुलांना खरंच शिकवलं. फोटोचं मात्र पुन्हा नाव काढलं नाही. लग्न जवळ येत चाललं तशी ती गप्प गप्प राहायला लागली. मला बघवेना. मीच बाबांना सांगून टाकलं, “केसाचे रोलर म्हणत होती ती.”

रविवारी बाबा आम्हा दोघींना घेऊन थेट परभणीच्या एका बांगड्यांच्या दुकानात. दुकानदारानं बारीक आणि जाड असे दोन प्रकारचे प्लास्टिकचे रोलर समोर टाकले आणि म्हणाला, बारीक घ्या, वळणं घट्ट पडतात. अक्का बाबांसमोर मान वर करीना. तेव्हा बाबांनीच तिची वेणी हातात धरली, कापूस बघावा तशी बोटांनी चाचपली. “लय लांब धागा हाय. बारक्यात गुंता होईल. तुमी जाडच द्या.” तिच्या केसांबद्दल बाबा काही बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

फोटो निघाला. पण एवढ्या लांब केसांना वळण किती टिकणार... फोटोवाल्यानं दिवे लावेपर्यंत निम्मे केस सरळ झाले होते. अक्काला त्याचं काही नव्हतं. फोटोत ती तोंडभर हसलीय.

ते प्लास्टिकचे रोलर पुढे कुठे गेले कोण जाणे. जिनिंगचा मात्र प्रत्येक बदलीत तिच्याबरोबर फिरला आणि शेवटी परभणीच्या घराच्या ओट्यावर दोन दगडांवर टेकला. चपला काढायला सगळे त्याच्यावरच बसायचे. मी बसले की आतून अक्काचा आवाज यायचाच, थेट बाबांच्या सुरात, “मोठाच आणलाय बग!”

परवा गेले होते. सवयीनं त्याच्यावर बसले, चपला काढल्या आणि थांबले... आतून काही येईना. मग मीच म्हणाले, “मोठाच आणलाय बग.”

“काय म्हणलीस, मावशी?” भाचीनं आतून विचारलं.

“काही नाही,” म्हणाले. आणि मला तिथून उठताच येईना.