देवी येऊन गेल्यावर मिळालेलं काम

"हा स्मॉलपॉक्स आहे," माझ्या कपाळावरचे फोड पाहून डॉक्टर म्हणाले. स्मॉलपॉक्स म्हणजे देवी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ठाण्याच्या मिशन शाळेत लहान मुलींना बाराखडी शिकवत होते. तीन दिवस ताप होता, पाठ मोडून आली होती. आईला वाटलं होतं, हिवताप असेल.

आमचं घर ख्रिस्ती झालेलं, म्हणून शेजारच्या काकू दारातूनच मला म्हणाल्या, "मार्था, तुम्ही देव बदललात, पण देवीला कोण सांगणार?" तापातही मला हसू आलं.

लहानपणी मला व्हॅक्सिनेशन, म्हणजे देवीची लस, मिळाली नव्हती. लस टोचणारा आला की आई मला धान्याच्या कणगीमागे लपवायची. तुमच्याकडे तो आला, तर कृपा करून मुलांना लपवू नका.

मला इस्पितळाच्या आवारातल्या वेगळ्या झोपडीत ठेवलं. तिथे रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या रिबेकाबाई होत्या. त्यांना पूर्वी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून त्या निर्धास्तपणे जवळ बसत. आठव्या दिवशी माझ्या पापण्या सुजून मिटल्या. डॉक्टर म्हणाले, "बुबुळावर अल्सर झाला, म्हणजे जखम झाली, तर दृष्टी जाईल. वाट पाहायला हवी."

सहा दिवस वाट पाहिली. त्या अंधारात मला माझी जुनी प्रार्थना आठवली. "प्रभू, मला तुझ्या सेवेला बोलाव," असं मी रोज म्हणत असे. पण खरं सांगते, सेवा म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर पांढरं लुगडं नेसून उपदेश करणारी मी आणि माना डोलावणाऱ्या बायका, एवढंच असे. इकडे रिबेकाबाई रोज कोमट पाण्याने माझ्या पापण्या धूत होत्या आणि बेसूर आवाजात भजन म्हणत होत्या. उपदेशाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत.

सातव्या सकाळी उजवा डोळा किलकिला झाला. पहिल्यांदा दिसलं ते रिबेकाबाईंचं नाक. त्याहून सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही. दोन दिवसांनी डावा डोळाही उघडला.

खपल्या पडल्या, वण राहिले. आई माझा चेहरा पाहून रडली. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "कल्याणला खाडीजवळ देवीच्या रोग्यांसाठी झोपड्या बांधल्यात. तिथे जायला कोणी तयार नाही. तुला हा आजार आता बहुधा पुन्हा व्हायचा नाही. जाशील?"

"अहो, ती आत्ताच मरणातून उठलीय!" आई म्हणाली.

मी एक दिवस मागितला. भीती होतीच. पण इतकी वर्षं मीच "बोलाव" म्हणत होते. आता हाक आली तर ऐकू आली नाही असं कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी होकार दिला आणि अंगात ताकद येताच आगगाडीने कल्याण गाठलं.

तिथे चांगुणा नावाची मिठागरातली तरुण बाई होती. ताप उतरला तरी ती तोंडावर पदर ओढून पडलेली, अन्न घेईना. मी पेजेची वाटी घेऊन बसले.

"बाय, मी आता अशीच दिसनार काय गो?" ती पदराआडून म्हणाली.

"माझ्याकडे बघ. मी कशी दिसते?"

तिने पदर बाजूला करून बराच वेळ मला न्याहाळलं. "हसतेस तवा बरी दिसतेस."

"मग तूही हस, आणि आधी ही पेज पी."

ती हसली आणि सगळी पेज प्यायली. रिकामी वाटी हातात घेऊन मी देवाचे आभार मानले. माझं काम मला सापडलं होतं.

साथ संपल्यावर मी इस्पितळातच राहिले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. उपदेश करायला मला कोणी बोलावलं नाही, आणि रोग्यांच्या धावपळीत मलाही त्याची आठवण राहिली नाही. तुम्ही आजारातून उठाल, तेव्हा आजूबाजूला पाहा. तुमचं सोसून झालेलं दुखणं सोसणारं कोणीतरी जवळच असेल. त्याच्यापाशी जाऊन बसा.

त्या आजारपणाबद्दल मी देवाचे आभार मानते. आईसमोर मात्र मनातल्या मनात. तिला अजून ते पटत नाही.