सॅमनची क्लिप आणि बरक्याची सुरमई

वाकलेला रॉड ताडकन सरळ झाला आणि ग्लेन उडी मारून त्याच्याकडे धावला. गरागरा रीळ फिरवलं. दोरा सैलच येत राहिला. शेवटी टोकाचा नकली मासा वर आला. सोडला होता तसाच, एक ओरखडा नाही.

"नथिंग," तो म्हणाला. "अगेन."

ओमानमधल्या बरक्याच्या समोर, किनारा धुरकट दिसेल इतक्या आत आम्ही होतो. सकाळपासून हेच चाललं होतं. ग्लेन कॅनडाचा. बरक्याजवळ होऊ घातलेल्या एका मोठ्या हॉटेलचा बोट मॅनेजर. पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या बोटींचा ताफा त्याला उभा करायचा होता आणि त्यावरची सगळी सामग्री आमची कंपनी देणार होती. मी सर्व्हिस इंजिनीअर. मूळचा यवतमाळचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर.

थोडं समजावून सांगतो. चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. गळ खोल न्यायचा असेल तर डाउनरिगर लागतो. ही एक छोटी विंच. तिच्या तारेला शिशाचा जड गोळा असतो, तो पाण्यात सोडायचा. रॉडचा दोरा त्या तारेला एका क्लिपने अडकवायचा. गोळा खाली जातो, दोराही जातो. मासा गळाला लागला की त्याच्या हिसक्याने क्लिप दोरा सोडते आणि मग माणूस आणि मासा दोघंच उरतात. क्लिप लवकर सुटली तर गळ वर येतो. सुटलीच नाही तर मासा लागल्याचं कळत नाही. बोटभर लांबीची वस्तू, पण सगळा खेळ तिच्यावर.

ग्लेनने स्वतःच्या क्लिपा घरून आणल्या होत्या. दोन रबरी गाद्या, मध्ये दोरा, वर स्प्रिंगचा दाब. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारख्या. त्यावर त्याने आयुष्यभर सॅमन पकडले होते. आपण रावसाला इंडियन सॅमन म्हणतो, पण हा तो नव्हे. थंड पाण्यातला हा मासा माणूस चालेल एवढ्या वेगाने ट्रोलिंग करून पकडतात. सुरमईसाठी बोट त्याच्या दुपटीने पळवावी लागते. पाणी दोऱ्याला जोरात ओढतं. त्यात त्या दिवशी वारा होता आणि बोट डुलत होती. प्रत्येक लाटेला क्लिप समजायची, मासा आला.

"क्लिप बदलून बघू या?" मी विचारलं.

"या क्लिपने मला कधी दगा दिलेला नाही," ग्लेन म्हणाला. "टाइट करा."

ऑफिसात नायरसाहेब वाट बघत होते. आमचे मॅनेजर. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. तेलाचे भाव कोसळले होते ते वर्ष. रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीतून माणसं घरी जात होती.

"मेश्राम, सीधी बात बोलता हूँ," ते म्हणाले. "अर्बाब मरीन सेक्शन बंद करणार आहेत. हॉटेलची ऑर्डर आली तरच चालू राहील. क्लिप का जो करना है, करो."

अर्बाब म्हणजे कंपनीचे ओमानी मालक. सेक्शन म्हणजे मी आणि आमचा सीनियर फिटर वसंत. मला दुसरीकडे घेतलं असतं. वसंतला कोण घेणार? तो वेंगुर्ल्याचा, साठीला टेकलेला, आणि अर्ध्याहून जास्त आयुष्य मस्कतमध्ये गेलेलं. लग्न राहूनच गेलं होतं. मी त्याला नायरसाहेबांचं बोलणं सांगितलं. तो कितीतरी वेळ हातातला पाना पुसत राहिला.

"थंय जावन मी काय करतलंय, सायबा?" तो म्हणाला. "भावाच्या घरात माका पावण्याच्या खुर्चेर बसयतत. माका चाय कपबशीत, आणि आपण पेल्यात."

दुसऱ्या फेरीला आम्ही ग्लेनच्याच क्लिपा आवळून नेल्या. क्लिप सुटली नाही. रॉड शांत होता. ग्लेन खूश झाला. बऱ्याच वेळाने गोळा वर घेतला तेव्हा क्लिपमागे एक लहान ट्यूना लोंबत होता. केव्हा लागला कुणाला कळलंच नव्हतं. एवढ्याशा माशाला आवळलेली क्लिप सोडवता आली नव्हती. बोटीने त्याला फरफटत नेऊन मारलं होतं आणि मागचा अर्धा भाग दुसऱ्या कुठल्या माशाने नेला होता.

गळ काढून ग्लेनने तो अर्धा मासा पाण्यात टाकला आणि हात धुतले. मग म्हणाला, "हे पाहुण्यांच्या मुलांनी बघायचं?"



परतल्यावर मी आणि वसंत वर्कशॉपमध्ये बसलो. क्लिपमध्ये दोरा अडकवायचा, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा लावायचा आणि वसंतने ओढायचं. कितीला सुटते ते मी बघायचो. तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. कॅनडात ग्लेन तंगूस, म्हणजे नायलॉनचा जाड एकपदरी दोरा, वापरत होता. इथे आम्ही बारीक विणलेला दोरा दिला होता, ब्रेड म्हणतात तो. गुळगुळीत ब्रेड रबरी गादीतून सरकायचा. एकच क्लिप, तोच दाब, पण एकदा इतक्याला सुटे, एकदा तितक्याला. दाब कमीजास्त करायचा स्क्रू असलेल्या क्लिपाही मागवल्या. थोड्या बऱ्या होत्या. पण पाहुणे रोज नवे, बोटीवरची माणसं नवी. स्क्रू कोण सांभाळणार?

शेवटी साधं रबरबँड घेतलं. दोऱ्याला घट्ट वेढे द्यायचे आणि दुसरं टोक तारेच्या हुकात अडकवायचं. मासा लागला की रबर तुटतं. वेढ्यांमुळे ब्रेड सरकत नाही. लाटेच्या ओढीला टिकेल, पण छोट्या माशाच्या हिसक्यालाही तुटेल, अशी जाडी आम्ही काट्यावर शोधून काढली. उन्हात रबर ठिसूळ होतं, म्हणून डबा सावलीत ठेवायचा आणि दर वेळी नवं वापरायचं.

नायरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "हम क्या स्टेशनरी बेचते हैं?"

"सर, काम होतंय ना."

"हॉटेलवाला हसेल."

ग्लेन हसला नाही. त्याने रबर ताणून पाहिलं आणि खांदे उडवले. "लास्ट ट्राय."

त्या दिवशीही वारा होता. लाटांनी रॉड हलत होता, पण रबर धरून होतं. वसंत मागे उभा राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मग रॉड एकदम उसळला, रीळ ओरडायला लागलं आणि बोट चालवणारा हमूद "यल्ला, यल्ला!" अशी अरबीत घाई करत इंजिन हळू करू लागला. ग्लेनने दीड हात लांबीची सुरमई वर घेतली. त्यानंतर आणखी मासे लागले. त्यात एक टीचभर ट्यूनासुद्धा होता. रबर लगेच तुटलं आणि मासा जिवंत परत गेला.

ग्लेनने वसंतला मिठी मारली. "रविवारी ऑर्डर पाठवतो," तो म्हणाला.

वसंतने येताना सगळ्यांसाठी कराक, म्हणजे तिथला दाट दुधाचा चहा घेतला. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तिथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. तो रविवार गेला. पुढचाही. नायरसाहेब फोन करायला सांगत आणि मी करत असे. ग्लेन म्हणे, फाइल वर गेली आहे, इन्शाल्ला. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. एके दिवशी त्याचाच फोन आला.

"हॉटेलचं काम थांबवलंय," तो म्हणाला. "बोटी रद्द. मलाही काढलं. परवा घरी चाललोय."

"पण क्लिप तर..."

"क्लिप परफेक्ट होती," तो म्हणाला. "सॉरी, माय फ्रेंड."

महिना संपायच्या आत सेक्शन बंद झाला. मला सोहार शहरात पंपाच्या कामावर पाठवलं. वसंतने शेवटच्या दिवशी सगळी हत्यारं पुसून भिंतीवर जागच्या जागी लावली. ती कुणी वापरणार नव्हतं. मी विमानतळावर सोडायला येतो म्हटलं.

"तुमी येव नकात," तो म्हणाला. "उगाच दोगांका रडूक येतला."

मी गेलो नाही. नंतर फोन केला तेव्हा तो घरीच बसला होता. मासे मिळतात का, विचारलं. "मिळतत," म्हणाला. मग म्हणाला, "दीस लय मोठे असतत हंय, सायबा." मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. त्यानंतर मी फोन करायचं टाळत गेलो आणि त्याचाही आला नाही.

अजून कुणी ना कुणी विचारतं, डाउनरिगरला क्लिप कोणती घ्यावी. मी सांगतो. हळू ट्रोलिंग आणि तंगूस असेल तर गादीवाली. वेग आणि ब्रेड असेल तर रबरबँड. कॅटलॉग बघू नका, काट्यावर ओढून बघा. आणि कंपनीकडून विचारणारा असेल तर त्यालाच आधी दोन प्रश्न विचारतो. खर्चाला मंजुरी आहे का? आणि तुमची नोकरी पक्की आहे का? त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी आता समुद्रावर जात नाही.