माणूस आधी, फेड नंतर

इंदू गेल्याची तार जळगावला आली तेव्हा मी पापडाचं पीठ मळत होते. पीठ झाकलं, शेजारणीला किल्ली दिली, लागतील त्या वस्तू पिशवीत भरल्या आणि धुळ्याची मोटार पकडली. धाकट्या बहिणीसाठी रडायला मोटारीतच सवड मिळाली.

इंदू आबांची लाडकी. आबा वकील, ती शाळेत इंग्रजी शिकवायची. जेवणं झाली की बापलेक एखादा शब्द घेऊन बसत. मी माहेरी आले की भांडी आवरता आवरता ऐकायची. मला तिचा हेवा वाटे... अजूनही वाटतो.

एका वर्षी नरडाण्याजवळच्या आमच्या शेतावर बैल उधळले आणि गाडीखाली शेजारचा शेतकरी गेला. कोर्टाचं कोर्टात झालं. गावात पंच बसले. आम्ही दुभती गाय आणि वर्षाचं धान्य द्यायचं, मग दोन्ही घरांनी एका पंगतीत जेवायचं, तेव्हा वैर मिटायचं. गाय मी पारखली, पोती मी भरून घेतली, स्वयंपाकही माझाच. इंदू मात्र आबांना सांगत होती, "इंग्रजांच्या पूर्वजांतही हे होतं. वेअरगिल्ड. त्यांच्या जुन्या भाषेत वेअर म्हणजे माणूस, गिल्ड म्हणजे फेड."

"म्हणजे आधी माणूस, मग फेड!" आबा खुलले.

"शब्द सोडा, पानं मांडा," मी म्हटलं. "भात निवतोय."

पण मेलेल्याची बायको पानावर बसेना. "गाय उनी, दाना उना... मन्हा धनीनं नाव कोणी लिधं का?"

खरंच, गाय आली होती, धान्य आलं होतं, पण नाव कोणी घेतलं नव्हतं; सगळे 'मयत' म्हणत होते. तिने स्वतः नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. इंदू उठून तिच्याजवळ बसली, दिराला नाव विचारलं आणि मोठ्याने म्हणाली, "अक्का, तुळशीरामभाऊ कसे होते?"

"भलता हासे..." म्हणत ती बाई बोलत राहिली. भात पार गार झाला, मग ती जेवली. परतताना आबांच्या तोंडी वाटभर इंदूच.

इंदूचे दिवस झाल्यावर तीच बाई एकटी धुळ्याला भेटायला आली. आबांसमोर ओट्यावर बसली. मी चहा नेला.

"ह्या कोण?" तिने विचारलं.

"मोठी मुलगी. आली की घरातलं सगळं हीच बघते," आबा म्हणाले आणि पुन्हा इंदूच्या गोष्टींकडे वळले.

मी रिकामे कप घेऊन दारात थांबले. माझं एका वाक्यात आटपलं होतं. इंदू दिवे लागले तरी संपत नव्हती.