विमानाच्या नाकातलं शिसं

आमच्या शेजारचे चष्मेवाले लहान असताना, पडदे शिवून घर चालवणाऱ्या त्यांच्या ताईंनी त्यांना जोडून बनवायच्या छोट्या जेट विमानाच्या सुट्या भागांचा खोका आणून दिला होता. विमान अर्धवटच राहिलं. साठीत त्यांनी ते पुन्हा हाती घेतलं. जुने जोड घासले, पंखांवर सुईने खऱ्या विमानासारख्या पत्र्यांच्या जोडांच्या रेषा कोरल्या, चाकं नवी केली. ताईंना ते उभं करून दाखवायचं, एवढाच ध्यास.

ताई आल्या, विमान टेबलावर ठेवलं, आणि ते शेपटीवर बसलं. नाकात वजन घालायचं राहून गेलं होतं, आणि नाक चिकटवून, रंगवूनही झालं होतं. चष्मेवाल्यांचा चेहरा एवढासा झाला.

"तुझ्यावरच गेलंय रे! शाळा म्हटली की तूही अशीच बसकण मारायचास." ताईंनी शिवणाच्या पिशवीतून पडदा सरळ पडावा म्हणून काठात घालायच्या शिशाच्या गोळ्या काढल्या. "उघड ते नाक."

चष्मेवाल्यांनी काळजावर दगड ठेवून नाक उघडलं. ताईंनी एकेक गोळी आत चिकटवली, तसं विमान अलगद पुढे झुकून तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

नाकावरचा सांधा त्यांनी अजून रंगवलेला नाही. येईल त्याला तोच आधी दाखवतात, "हे आमच्या ताईच्या जिवावर उभं आहे हो."