एका फळीवर उभं राहणारी मंडळी

आमच्याकडं लाइफ जॅकेटं वाळायच्या आत नवा किस्सा तयार होतो. किती सांगू आणि किती नको, असं झालंय. गोव्यात सहा वर्षं बोट चालवून मी नांदेडला परत आलो आणि गोदावरीच्या बॅकवॉटरला दर रविवारी वॉटर स्कीइंग शिकवायला लागलो, ही चूक माझीच.

बोट उमरीच्या आबाशेठची. त्यांची डाळमिल आहे. त्यांनी यंदा स्पष्टच सांगितलं, "दिवाळीपर्यंत एकानं तरी ते सिंगल का काय करून दाखवा. न्हाईतर बोट पाव्हण्याला देऊन टाकतो."

सिंगल म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर पुढं-मागं ठेवायचे आणि दोरी धरून बोटीमागं जायचं. शिकणारे तिघं. हातात आठ रविवार.

*

पहिला बालाजी, धर्माबादकडचा शेतकरी. "दोन फळ्या कशाला? रीलमध्ये ती पोरगी एकीवरच जाऊन राहिली." म्हटलं बाबा, आधी दोन. ऐकतो कुठला!

एक गोष्ट मात्र तीनदा बजावली, पडलास की दोरी सोड. बोट निघाली, हा पडला आणि दोरी धरूनच पाण्याखालून येत राहिला. वर ओढून काढला तेव्हा नाकातोंडातून गोदावरी वाहत होती.

"अरे, दोरी का नाही सोडलीस?"

खोकत खोकत म्हणतो, "कासरा सोडायची सवय न्हाई, साहेब. बैल सुटला की दिवसभर हुडकावं लागतंय."

बोट मी चालवत होतो. म्हणजे बैल कोण, ते कळलं.

*

पुढचा पाय कोणता, हे कळायची एक युक्ती असते. माणसाला न सांगता मागून धक्का द्यायचा. जो पाय आपोआप पुढं पडेल तो पुढचा.

पण दुसरे विद्यार्थी म्हणजे कांबळे सर. शाळेत मला गणित शिकवलेले. त्यांना धक्का कोण देणार? मी बालाजीला खुणावलं. त्यानं आधी सरांच्या पाया पडून घेतलं, मग विचारलं, "सर, ढकलू का?"

"हाव, ढकल," म्हणून सर दोन्ही पाय रोवून उभे राहिले.

यात तीन रविवार गेले. सरांचा पुढचा पाय कोणता, हे अजून कुणालाच माहीत नाही.

*

मी सगळ्यांना सांगायचो, हलकं खाऊन या. आबाशेठ काठावर छत्रीखाली डबे उघडून बसलेले. "उपाशीपोटी पाण्यात जाऊ नाही." भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, वर ताक. बोट निघायची दुपारी दोनला आणि सगळे जांभया देत असायचे.

वर आबाच मला म्हणायचे, "तुझ्या शिकवण्यात दम न्हाई."

*

राहिल्या सुनीता मॅडम, उमरीच्या शाळेत शिकवणाऱ्या. त्या सगळं वहीत लिहून घ्यायच्या. गुडघे छातीशी, हात सरळ, घाई नको. तरी दरवेळी घाईनं उठायच्या आणि तोंडावर आपटायच्या.

"मॅडम, तुम्ही उठू नका. बोटीला उठवू द्या."

"मला कुणी उठवायची सवयच न्हाई हो. घरात सगळ्यांना मीच उठविते."

सातव्या रविवारी त्या दोन फळ्यांवर नीट गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत फक्त माझ्यासाठी असं हे एकच चालू केलंय. बोट गेली तर पुन्हा काही धरायची न्हाई मी."

*

शेवटचा रविवार. आबाशेठ म्हणाले, "मी बोटीतच बसून बघतो." माझ्या शेजारी मागं तोंड करून बसले.

मॅडम दोन फळ्यांवर उठल्या. ठरल्याप्रमाणं डावा पाय सैल करून एक फळी सोडून दिली, मोकळा पाय दुसरीच्या मागच्या पट्ट्यात घातला आणि उभ्या राहिल्या. एका फळीवर. काठावर सर टाळ्या वाजवायला लागले.

आणि इंजिन बंद पडलं. मॅडम पाण्यात. चावी आबांच्या हातात.

"आबा, काय केलं हे?"

"एक फळी निसटली बाईची, दिसलं न्हाई का? मिलमध्ये काही बी पडलं की आधी मशीन बंद, मग बाकीचं."

त्यांच्याकडून चावी घेऊन मी बोट मागं वळवली. आबांनी तरंगणारी फळी उचलली, उपरण्यानं पुसली आणि मॅडमच्या हातात दिली.

"हं. आता दोन्ही हायत. दाखवा तुमचं सिंगल."